पुकाऱ्याचा आवाज

खंडपीठाच्या व्हरांड्यात आता पट्टेवाला ओरडत नाही. खटल्यांचा पुकारा भिंतीवरचा स्पीकर करतो, तोही एका बाईच्या ठणठणीत आवाजात. नावं किती स्वच्छ ऐकू येतात म्हणून वकील कौतुक करतात. येणारच. वैजयंती धारपांनी जन्मभर शाळेत हजेरी घेतली होती आणि आवाज त्यांचाच होता.

घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी एका परदेशी कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित करून त्याची 'कंठप्रत' बनवली. गळ्यातला पट्टा स्नायूंची हालचाल वाचायचा आणि कंठप्रत त्यांच्या वतीने बोलायची. मग कंपनीने अटी बदलल्या. बाईंनी त्या नाकारल्या, तेव्हा पट्टा मुका झाला. कंठप्रत मात्र कंपनीने ठेवून घेतली आणि न्यायालयांना भाड्याने दिली.

आता बाई फोनवर टाइप करतात आणि फोन कुठल्यातरी तयार आवाजात बोलतो. त्यांच्या आईला, कुमुदताईंना, दिसत नाही. तो आवाज ऐकला की त्या विचारतात, "कोण आपण? आमची वैजू कुठंय?" परक्या बाईच्या हातचं त्यांना जेवायलाही नको असतं. रोज भरलेलं ताट परत जातं आणि बाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

करारात लिहिल्याप्रमाणे भांडण सिंगापूरच्या लवादापुढे गेलं. निवाडा बाईंच्या बाजूने लागला: कंठप्रत त्यांना परत करा, बाकी सगळीकडून पुसून टाका. पेढेसुद्धा वाटून झाले.

"मग आता आणायची ना?" बाईंनी टाइप केलं.

"परदेशी निवाडा इथे आपल्या पायांनी चालत येत नाही, बाई," त्यांचा जुना विद्यार्थी आणि आताचा वकील तन्मय देवतळे म्हणाला. "कंठप्रत इथल्या सर्व्हरवर आहे. इथल्या न्यायालयाने निवाड्याला मान्यता दिली, की तो इथल्याच हुकमासारखा राबवता येतो. हत्ती गेलाय, शेपूट राहिलंय."

शेपूट दोन वर्षं अडकलं. न्यायालयाने आधी निवाड्याची प्रमाणित प्रत मागितली, मग कराराची मूळ प्रत. करार पडद्यावर बोट टेकवून झालेला. त्याची मूळ प्रत आणायची कुठून? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर जिंकून आलेल्या बाईला ती पुन्हा चढायला लावली होती. शिवाय प्रत्येक तारखेला त्यांचंच नाव त्यांच्याच आवाजात पुकारलं जाई, आणि 'हजर' म्हणायला त्यांच्याकडे आवाज नसे.

आज घरी आईजवळ थांबणारी मदतनीस आली नव्हती, म्हणून आईलाही आणावं लागलं. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून, डबा मांडीवर ठेवून, बाई आत गेल्या.

"निवाडा बरोबर की चूक, हे आम्ही तपासणार नाही," न्यायमूर्ती म्हणाले. "तो इथल्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल, तरच मान्यता नाकारता येते. तसा तो आहे का, एवढंच सांगा."

"आहे, महोदय," कंपनीचे वकील उठले. "राज्यातल्या सगळ्या न्यायालयांत हाच आवाज पुकारा करतो. निवाडा राबवला तर उद्यापासून न्यायालयं मुकी होतील."

"पट्टेवाले आहेत की!" देवतळे उसळला.

"ती पदं रद्द झालीत," न्यायमूर्ती अवघडून म्हणाले. शेवटी त्यांनी न्यायालयाच्याच प्रशासनाला नोटीस काढली आणि पुढची तारीख दिली.

बाईंना किंचाळायचं होतं. तेवढंही जमत नव्हतं. तणतणत त्या बाहेर आल्या आणि थबकल्या.

आईचा डबा रिकामा होता. स्पीकरकडे तोंड करून ती हसत बसली होती. "सगळं संपवलं गं, वैजू," ती भिंतीला सांगत होती. "किती दिवसांनी बोलतेयस!"

बाईंनी तिचा हात धरला. आईने तो झटकला.

"थांबा हो जरा. माझी लेक बोलतेय."

"वैजयंती धारप," स्पीकर म्हणाला, "पुढील सुनावणी दिवाळीच्या सुट्टीनंतर."

"दिवाळीनंतर?" आईचा चेहरा पडला. "अगं, मग घरी कधी येणार तू?"