न सुकलेली सही

ही घटना खरी आहे. माझे सासरे लीव्हन यांनी मरायच्या आदल्या आठवड्यात मला सांगितली. सांगताना मान एकदाही वर केली नाही.

नोव्हेंबर १९५८. बेल्जियममधल्या गेंटजवळच्या छोट्या गावातलं थिएटर. दुपारचे तीन.

दोन दिवसांनी त्यांचा सत्कार होता. तीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवले म्हणून. मागे त्यांचा सर्वांत गाजलेला पडदा लागणार होता, जंगलाचा.

तो त्यांचा नव्हताच.

तो सिडोनीने रंगवला होता. त्यांच्या सोबतीने काम करणारी. वीस वर्षांपूर्वी, याच थिएटरच्या माळ्यावर, कापड जमिनीवर अंथरून, लोकरी मोजे घालून त्यावर चालत, लांब दांड्याच्या ब्रशने. बूट घालून कापडावर पाय ठेवायचा नाही, हा तिथला नियम.

ती आजारी पडून घरी गेली. सासऱ्यांनी कोपऱ्यात स्वतःची सही ठोकून दिली. ती परत आलीच नाही. वारली.

कुणी विचारलं नाही. यांनीही सांगितलं नाही.

त्या दुपारी त्यांनी आणि रखवालदार ग्यूस्टने माळ्यावर पडदा उलगडला.

"काय झाडं आहेत हो मास्तर! आत शिरावंसं वाटतंय." ग्यूस्ट कोपऱ्याशी वाकला. "पण ही सही ओली कशी?"

"बरळू नकोस. वीस वर्षं झाली तिला."

"मग हे काय?" त्याने बोट पुढे केलं.

काळं होतं...

सरसात कालवलेला रंग तासाभरात सुकतो. "जा, खाली दोर तपास," असं म्हणून त्यांनी ग्यूस्टला पिटाळलं आणि रुमालाने सही खसाखसा पुसली.

मग वास आला... गरम सरसाचा.

माळ्यावरची सरस तापवायची शेगडी कित्येक वर्षं पेटलेली नव्हती.

मग आवाज. स्स्... स्स्... कापडावर ब्रश फिरावा तसा.

आणि पडद्यावर पावलं उमटू लागली. मोज्यांची. उलटी, मागे मागे सरकणारी. ओल्या रंगावर पाय पडू नये म्हणून सिडोनी तशीच रंगवायची.

पावलं त्यांच्यापाशी येऊन थांबली.

पुसलेली सही परत चकाकत होती. यांचीच. तिचं नाव कुठेच नव्हतं.

त्यांनी खाली पाहिलं. पुसायच्या घाईत ते बूट घालूनच पडद्यावर उभे होते.

"सिडोनी, चुकलं माझं. परवा सगळ्यांसमोर सांगतो. शप्पथ!"

आवाज थांबला.

सत्काराच्या दिवशी थिएटर खच्चून भरलं. महापौर म्हणाले, "मास्तर, बोला की दोन शब्द!"

पहिल्या रांगेत त्यांची लेक माथिल्ड, म्हणजे माझी बायको, कौतुकाने रडत होती.

त्यांनी तोंड उघडलं... "आभारी आहे," एवढंच म्हणाले.

मग महापौरांनी हात मिळवला.

"अहो, रंग लागला की मला!" सगळे हसले. कलावंताचा हात म्हणून टाळ्या पडल्या.

त्या दिवशी सासऱ्यांनी रंगाला हातही लावला नव्हता.

त्यानंतर अकरा वर्षं ते घरातसुद्धा हातमोजे घालून जेवले. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची थंडी.

मी माथिल्डला अजून सांगितलेलं नाही. बापाचं नाव तिला फार प्रिय आहे. मलाही तोंड उघडवत नाही, आणि त्याची लाज वाटते.

काल ती म्हणाली, "अरे, तुझ्या हाताला हे काळं काय लागलंय?"

मी तीनदा धुतला...