ताई शिकवतात

"सरोजलाही घेऊन चल. इथं तिचं आहे तरी काय?"

खाटेवर पडल्या पडल्या एकनाथराव मुलाला म्हणाले, आणि आत स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळणारा सरोजचा हात जागच्या जागी थांबला...

हैदराबाद राज्य तीन शेजारी राज्यांत वाटलं जाणार होतं. सरकारी कचेरीत कारकून असलेल्या तिच्या भावाला, दिगंबरला औरंगाबादच्या बदलीचा हुकूम आला होता; दसरा झाला की बिऱ्हाड हलवायचं. दादा-वहिनी जाणार, बाबा जाणार... आणि बाबांनी तिलाही न विचारता सामानात बांधून टाकलं होतं! दोन वर्षं ते तिच्याशी धड बोलत नव्हते. चालून आलेलं दुसरं स्थळही तिनं नाकारलं, तो राग त्या पितृहृदयात घट्ट रुतून बसला होता.

कारण त्यांना ठाऊक नव्हतं.

हैदराबादेत सुलतान बाजाराजवळच्या मराठी शाळेत एकनाथराव वीस वर्षं ड्रिल मास्तर होते. पोरांना बॅट धरायला शिकवावं ते त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. तीन वर्षांपूर्वी उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा त्यांनी शाळेचा शिपाई दत्तोबा याला बोलावून सांगितलं, पोरांचा सराव थांबवायचा नाही, मी सांगेन तसा तू घे. दत्तोबा रोज सकाळी येऊन सूचना ऐके, काल कोण कसं खेळलं ते सांगे, आणि तेवढ्यावर म्हातारा दिवसभर जगे.

"बाबा, मला आबिड्स भागात एका घरी शिकवणी आहे," असं सांगून सरोज रोज दुपारी बाहेर पडे. बाबा भिंतीकडे तोंड फिरवत.

त्या दिवशी मात्र दत्तोबाला राहवलं नाही. औरंगाबादचं ऐकून, दुपारी सरोज बाहेर पडल्यावर तो पुन्हा आला, खाटेच्या पायथ्याशी बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "मास्तरसाब, तीन वर्षं मी खोटं बोललो. मला बॅटीची मूठसुद्धा धरता येत नाही. पोरांना ताई शिकवतात. तुम्ही मला जे सांगता ते त्या आतून ऐकतात. त्या गेल्या तर सराव संपला, म्हणून त्यांनी लग्नसुद्धा..."

एकनाथरावांनी डाव्या कोपरावर जोर देऊन अंग उचललं. मग त्यांनी दिगंबरला रिक्षा आणायला सांगितलं.

मैदानाच्या कडेला रिक्षा थांबली. पदर कमरेला खोचून सरोज पाच-सात पावलांवर उकिडवी बसली होती, आणि समोर आठ वर्षांचा अंबाजी उभा होता. चेंडू सुटला की पोर डोळे मिटून पुढं धावे. मास्तरांच्या वेळी अशा पोराच्या पोटरीवर छडी बसली असती.

"चेंडूवर धावून जाऊ नकोस रे राजा," ती हळुवारपणे म्हणाली. "तो तुझ्याकडेच येतोय. येईपर्यंत नुसता बघ."

तिनं हलकेच चेंडू टाकला. अंबाजीनं या वेळी डोळे मिटले नाहीत. बॅटीच्या मधोमध आवाज झाला, आणि पोर तिच्याकडे बघून असं खुललं, की रिक्षातल्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

सरोज वळली. बाबांना पाहताच तिनं कमरेचा पदर सोडून खांद्यावर घेतला. आपल्या घरच्या मुलीनं मैदानात उभं राहायचं नाही, हा त्यांचाच दंडक! ती जवळ आली, पाया पडायला वाकली, तोच त्यांचा डावा हात तिच्या मस्तकावर विसावला.

"वीस वर्षं मी पोरांना फटके शिकवले," ते अडखळत म्हणाले. "माझ्याकडे बघून असं कुणी हसलं नाही गं... आणि तुझ्या नकाराला मी नुसता हट्ट समजलो."

"बाबा, मला कशाचीच खंत नाही," ती म्हणाली, आणि अश्रूंना वाट मोकळी झाली.

दिगंबरनं दुसरीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. एकनाथरावांनी त्याला तिथंच सांगून टाकलं, तुम्ही दोघं सुखानं औरंगाबादला जा, सणावाराला या. मी इथं माझ्या लेकीजवळ राहणार. निम्मी पोरं गाव सोडून जातील, पण निम्मी तर उरतील.

मग त्यांनी सरोजकडे पाहिलं. "पोरी, तुला कधी कुणी चेंडू टाकला का?"

"नाही, बाबा."

दत्तोबानं शाळेतून खुर्ची आणली. दोघांनी धरून त्यांना बसवलं. अंबाजीनं आपली बॅट ताईच्या हातात दिली आणि चेंडू मास्तरांच्या डाव्या हातात ठेवला. पहिला चेंडू त्यांच्याच पायाशी पडला. दुसरा मात्र थोडा पुढं गेला, एक टप्पा घेऊन संथपणे तिच्या दिशेनं आला.

सरोज तो येईपर्यंत बघत राहिली.