खोका सात, खोका आठ

विषय : दोन प्रकरणं एकमेकांपासून सोडवण्याबाबत.
संदर्भ : आयर्लंडमधल्या मेनूथजवळच्या एका खासगी संग्रहातले खोके क्रमांक सात व आठ; शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५ची रात्र.

दिवा चालू राहू दे, तनय. गोष्ट लहान आहे.

अर्जदार चंद्रहासराव माझ्या चांगल्या माहितीतले. नागपूरला एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं अभिलेख कारकून, मग इथे मुलीकडे. मुक्ता लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात. घरी बसून करायचं काय, म्हणून हे आठवड्यातून दोन संध्याकाळी संग्रहात कागद लावायला जात. फुकट. पगार होता तेव्हा बाबांनी एवढं काम कधी केलं नाही, असं मुक्ता म्हणे.

खोका सातमध्ये एक कवी होता, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. देवदूत, गुलाब आणि बायकोची शुभ्र बोटं यांवर चार खंड लिहिलेला. खोका आठमध्ये त्याच बायकोची एकोणीस पत्रं. तिने बहिणीला चोरून लिहिलेली. तो माझा हात टेबलावर दाबून धरतो आणि त्यात कागद टोचायचा टोच्या मारतो, मला घेऊन जा, असं त्यांत होतं. सूचीत याला ‘कौटुंबिक मतभेद’ म्हटलं होतं. बहीण पोचली ती अंत्ययात्रेला. पत्रं तिच्याच घरून आली आणि वेगळी राहिली. कवीच्या नजरेस ती कधीच पडली नव्हती.

त्या रात्री आठला तिथली कर्मचारी ग्रोन्या गाडी पकडायला निघाली. नुसती तारखेप्रमाणे लावा, बाकी ग्रँड आहे, म्हणाली. इथे ‘ठीक’ला ग्रँड म्हणतात. चंद्रहासरावांना ग्रँड वाटेना. प्रकरण एक आणि खोके दोन? आवक इकडे, जावक तिकडे? त्यांनी पिशवीतून दाभण आणि फायली बांधायच्या पांढऱ्या नाडीचा टॅग काढला. दोन्ही नागपूरहून आणलेले. कवीच्या कागदांवर तिची पत्रं ठेवली, कडा जुळवल्या, डाव्या कोपऱ्यात दाभण टेकवलं आणि दाबलं.

कागद कुरकुरला नाही. दाभण मऊ कशात तरी शिरलं.

टेबलापलीकडे कोणीतरी श्वास आत ओढला. बाईचा श्वास.

हात सवयीने चालतच राहिले. टॅग ओवला. गाठ मारली.

मग वरचं पत्र आपोआप उलटलं. थोड्या वेळाने दुसरं. वाचायला लागतो तेवढाच वेळ मध्ये... तिसरं... चंद्रहासराव मोजत बसले. उठता येईना. एकोणिसावं उलटलं.



उजव्या मनगटावर थंड पंजा पडला. पुरुषाचा. शाईचा वास. मुठीतलं दाभण वर गेलं. डावा हात गठ्ठ्यावर होता, तो हलेना...

खाली.

डाव्या हातातून, कागदांतून, लाकडात. वर. खाली. पुन्हा.

कानाशी कोणीतरी अगदी प्रेमाने, इंग्रजीत विचारलं,

“कोणाला लिहीत होतीस?”

पावणेदहाला मुक्ता न्यायला आली, तेव्हा हात टेबलाला खिळलेला होता. डॉक्टरांनी टाके घातले. दोन बोटं आता मिटत नाहीत. पोलिसांनी अपघात लिहिला.

तेव्हापासून अंधार पडला की त्या बंद खोलीत टेबलावर घाव बसतात. तीन. मग बाईचं रडणं. ग्रोन्यानेही ऐकलं. पण टॅग कापायचा तर विश्वस्तांची परवानगी हवी.

मुक्ता म्हणाली, “बाबा, सरळ कात्री घेऊन जा ना.”

“विनापरवाना?” चंद्रहासराव म्हणाले. दाभण कोणाच्या परवान्याने मारलं होतं, ते तिने विचारलं नाही. वडील आहेत शेवटी.

त्यांनी रीतसर अर्ज केला. तिची पत्रं त्याच्या कागदांतून सोडवावीत, आणि खोकाच नव्हे, इमारतही वेगळी द्यावी. आठवड्याने पोच आली. तीत लिहिलं होतं, अर्जदार : दोन.

यांनी एकट्यानेच सही केली होती. म्हणून अर्जाची प्रत मागवली. त्यांच्या सहीखाली आणखी एक सही आहे, बारीक, तपकिरी शाईची, थरथरत्या हाताची. ग्रोन्याने ती एकोणीस पत्रांशी ताडून पाहिली. अक्षर तेच निघालं.

अर्ज विश्वस्तांकडे प्रलंबित आहे.