पहिली तीन प्रकरणं

तो चष्म्याचा नंबर काढायला आला होता आणि खुर्चीवरून उडालाच.

झालं असं, की ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला होती. खोलीत अंधार, समोर उजळलेली अक्षरं, आणि त्याच्या नाकावर भिंगं बदलायची ती जड चौकट. आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं, असं ती विचारत होती, तेवढ्यात त्याच्या खिशातल्या मोबाइलवर मेल आल्याचा बारीक आवाज झाला. झालं! चौकट एका कानावर लोंबतेय, एक डोळा झाकलेला, आणि साहेब पडद्याला नाक लावून वाचतायत. मग चेहरा पडला. कुठल्याशा बुटांच्या सवलतीची जाहिरात होती.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तिला हसू आलं नाही, कारण तो आवाज ऐकून तिचा स्वतःचा हातही एप्रनच्या खिशात गेला होता.

"कुठल्या एजंटची वाट बघताय?" तिने विचारलं.

तो एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं…"

"नोकरीची वाट बघणारे एवढे उडत नाहीत. कादंबरीवालेच उडतात. सरळ बसा."

ज्यांनी कादंबरी लिहिलेली नाही त्या सुखी माणसांसाठी सांगायला हवं. कादंबरी लिहून भागत नाही, ती प्रकाशकाच्या गळी उतरवणारा एजंट मिळावा लागतो. त्याला पहिली तीन प्रकरणं पाठवायची, तीनच. आवडली तर तो पुढची मागवतो. नाही आवडली तर दोन ओळींचा नकार, नाहीतर तेवढंही नाही. एजंट मूग गिळून बसतो आणि लिहिणारा अर्धमेला होतो.

तो पोटापाण्यासाठी मिक्सर आणि इस्त्र्यांची माहितीपत्रकं लिहायचा. 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे त्याचंच वाक्य. घरी हे कळल्यावर तिच्या ताईने त्याचं नाव सूचनावाला ठेवलं आणि तेच पडलं. कारण सूचनावाला पुन्हा पुन्हा दुकानात येऊ लागला होता. चष्म्याचा स्क्रू सारखा सैल होतो म्हणे. नवा स्क्रू असा सैल होत नसतो हे तिला ठाऊक होतं. ती तो पिळून द्यायची… पण फार घट्ट नाही.

जेवणाच्या सुट्टीत दोघं दुकानासमोरच्या बाकावर बसायला लागली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंच नाही. बोलणं मात्र एकच: आलं का काही? तिनेही आपल्या कादंबरीची प्रकरणं पाठवली होती, आणि बाकीचे एजंट नकार देऊन मोकळे झाले होते. एक बाई तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनीही नाही म्हटलं तर कादंबरी माळ्यावर टाकायची आणि पुन्हा लिहायचं नाव काढायचं नाही, असं तिने ताईला सांगून टाकलं होतं. ताई म्हणाली होती, बरं होईल, निदान माणसात येशील. ते तिला फार लागलं होतं.

मेल बघायची युक्ती तिचीच. आपली मेल उघडताना हात कापतात, दुसऱ्याची उघडताना कशाला कापतील? म्हणून एकमेकांच्या मेल एकमेकांच्या मोबाइलवर घ्यायच्या, आणि एजंटकडून काही आलं तर ज्याच्याकडे दिसेल त्याने दुसऱ्याला वाचून दाखवायचं. स्वतः बघायचंच नाही. परदुःख शीतळ म्हणतात, त्याचा आपण फायदा करून घेऊ, ती म्हणाली. तो हसला, पण जरा उशिराने.

असे दिवस बरे गेले. आणि मग एका ढगाळ दुपारी तो बाकावर तिच्याआधी येऊन बसलेला दिसला. डबा उघडलेला नव्हता.

"आलंय," तो म्हणाला. "नाही म्हणतायत त्या… पण पुढे बरंच लिहिलंय. वाचू?"

तिने मान हलवली. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि हळूहळू वाचलं. "सध्या आम्ही ही कादंबरी घेऊ शकत नाही. पण भांडणानंतर मोठी बहीण एक शब्द न बोलता धाकटीचे केस धुते, तिथे मी थांबले. खिडकीशी जाऊन उभी राहिले. पुढे वाचवेना. ज्या हाताने हे लिहिलं त्या हाताने लिहिणं थांबवू नये."

तिला तिथेच रडू आलं. नकाराचं नव्हतंच ते. कुणीतरी, कुठेतरी, खिडकीशी जाऊन उभं राहिलं होतं! तिने त्याचा हात घट्ट धरला, नाक पुसलं, आणि पावसाचे थेंब पडायला लागले तशी पळत दुकानात गेली.

दुपारभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. एका आजोबांचा नंबर काढताना मात्र ती भिंग हातात धरून तशीच उभी राहिली. केस धुण्याचा प्रसंग शेवटून दुसऱ्या प्रकरणात होता. बाईंना तर तिने पहिली तीनच पाठवली होती… आणि अख्खी कादंबरी एकाच माणसाला दिली होती. गेले कित्येक दिवस तो "वाचतोय, वाचतोय" एवढंच सांगत होता. आजोबांनी दोनदा विचारलं, पोरी, अक्षरं वाचू का? मग ती भानावर आली.

दुकान बंद झाल्यावर ती तडक त्याच्या ऑफिसवर गेली. तो जिन्यातच भेटला. तिच्याकडे बघून त्याला सगळं कळलं असावं, कारण तो खालच्या पायरीवर मटकन बसला.

"खरं काय आलंय ते वाच."

त्याने वाचलं. आमच्या कामात बसत नाही, शुभेच्छा. संपलं.

ती चिडली होती, आणि तिने ते लपवलं नाही. नकार पचवायला ती काय कुक्कुलं बाळ होती? मिक्सरच्या कागदावर खोटं लिहिलं तर लोकांची बोटं कापतात, तिथे म्हणे फार जपतो! तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी तिचाच आवाज उतरला.

"खिडकीशी कोण उभं राहिलं होतं?"

"मी."

"मग मला तसं सांगायला काय झालं होतं?"

"माझ्या सांगण्याला कोण विचारतं? मी इस्त्र्यांबद्दल लिहितो. तू कादंबरी माळ्यावर टाकणार होतीस. मला वाटलं, बाईंनी म्हटलंय म्हटल्यावर… तू थांबणार नाहीस."

तिच्या मनात एक पाल चुकचुकत होती. जो माणूस दया येऊन एजंटचं सोंग घेतो, त्याचं कौतुक तरी खरं कशावरून? तिने ते तोंडावर विचारलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "केस धुण्याचं प्रकरण सोन्यासारखं आहे," तो म्हणाला. "पण पहिली तीन… रागावू नकोस… फार कंटाळवाणी आहेत. तुझी गोष्ट चौथ्यात सुरू होते. बाईंच्या जागी मी असतो तरी नाहीच म्हटलं असतं."

अंगावर गार पाणी पडावं तशी ती थिजली. आणि मग, देवाशपथ, तिला एकदम हलकं वाटलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आजवर कुणी तिला एवढं खरं सांगितलंच नव्हतं. तीन प्रकरणं गेली खड्ड्यात. चौथ्यापासून पुढचं सगळं जिवंत होतं, आणि ते आता माळ्यावर जाणार नव्हतं.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. बाहेर पाऊस लागला होता, आणि वरून उतरणारी माणसं दोघांना वळसा घालून जात होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हे जे काय आहे तुझं… ते माझ्यावर आहे की कादंबरीवर?"

त्याचे कान लाल झाले. पण या वेळी उत्तर द्यायला त्याने उशीर केला नाही.

"कादंबरी मी नंतर वाचली," तो म्हणाला.