बोरतळीच्या वस्तीचं पाणी

सरजाबाईंनी रिकामी घागर पाणीटंचाईच्या कचेरीत साहेबांच्या टेबलावर आपटली, तशी काचेखालच्या नकाशात नुकताच वेगळा झालेला लातूर जिल्हा हादरला.

"सायब, बोरतळीच्या वस्तीवर टँकर येतच न्हाई. डबक्यातलं पाणी पिऊन माझी नात दवाखान्यात पडलीय. डोळे पांढरे केलेत लेकरानं. म्या आता काय करू, सांगा."

बोरतळी देवणीच्या पलीकडं, माळावर. गावचा आड वेगळा, बौद्ध वस्तीचा हौद वेगळा, मधे ओढा. त्या दुष्काळात तिन्ही कोरडे. म्हणून सकाळची खेप गावाला आणि दुपारची वस्तीला ठरली होती.

दाराशी टँकरचा ड्रायव्हर लिंबाजी उभा होता. साहेबांनी त्याला आत घेतलं.

"टँकर तर रोज भरून निघतो. पाणी कुठं जातं?"

"गावच्या आडात, सायब. दोन्ही खेपा. चिठ्ठीवर तसंच असतंय."

"दाखव चिठ्ठी."

"पानी वतलं की तिथंच द्यावी लागती. मग ती हापिसात येती."

"हणमंतराव!"

बाहेरच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. हणमंतराव जुने टायपिस्ट, परत आलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठेही तेच सांभाळायचे. त्यांचा हात असा चालायचा की ऐकत बसावं. शब्द संपला की अंगठा खालच्या पट्टीवर पडायचा, ठप्प. कागदाचा अखेरचा शब्द झाला, पुढं काही लिहायचं नसलं, तरी तो ठप्प ठरलेलाच.

"बोरतळीच्या चिठ्ठ्या?"

"गठ्ठा उंदरांनी कुरतडला, साहेब. टाकून दिला."

"तुम्ही बोरतळीचेच ना? काही कानावर आलं?"

"मी इथं लातुरात. तिथं थोरला भाऊ गुरं सांभाळतो. मला काय कळणार?"

साहेब लिंबाजीकडं वळले. "पाणी विकलंस तू. संध्याकाळपर्यंत कबूल हो, नाहीतर पोलिसात देतो."

"इकलं असंल तर हात झडतील माझे!" लिंबाजी म्हणाला.

कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी शिवकांता बसली होती. ती नायगावकडची, फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. टँकरच्या चिठ्ठ्या तिच्याच यंत्रातून निघायच्या.

"साहेब, आधी यंत्र तपासते."

प्रत्येक ठिकाणाला एक खुणेचा शब्द दिलेला होता. बोरतळीच्या वस्तीचा होता यूडीजी०७बी. 'बेसिक' नावाच्या यंत्रभाषेतला प्रोग्रॅम त्याचे तुकडे पाडायचा. 'लेफ्ट' म्हटलं की डावीकडची तीन अक्षरं, म्हणजे उदगीर तालुका. 'मिड' म्हटलं की मधले दोन आकडे, म्हणजे बोरतळी. 'राइट' म्हटलं की उजवीकडचं अगदी शेवटचं एक अक्षर. ते बी असेल तर वस्तीचा हौद, दुसरं काहीही असेल तर गावचा आड.

तिनं शब्द पडद्यावर आणला. शेवटी बी होता.

"बघ, लिंबाजी," साहेब म्हणाले. "यंत्र काही खोटं बोलत नाही."

लिंबाजीनं हात जोडले.

"एक चिठ्ठी छापून बघू?" शिवकांतानं विचारलं.

प्रिंटर करकरला. तिनं कागद फाडला आणि दोनदा वाचला. "बोरतळी. गावचा आड."

"असं कसं? आता तर बी हाय!" दारातून हणमंतराव बोलले.

शिवकांतानं वळून पाहिलं. दारातून यंत्राची फक्त पाठ दिसत होती.

साहेबांनी कपाळ पुसलं. "म्हणजे यंत्रच चुकलं. जा लिंबाजी, सुटलास."

"थांबा, साहेब." तिनं आणखी काही वस्त्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. सगळ्या बरोबर. "प्रोग्रॅम चुकला असता तर साऱ्याच वस्त्या तहानल्या असत्या. एकटी बोरतळीच का?"

सरजाबाई घागर मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या होत्या. उत्तर सापडलं नाही, तर उद्याही हेच होणार होतं.

माणसाला शेवटी बी दिसतो. यंत्राला दिसत नाही. मग बीच्या पुढं काय आहे?

तिनं यंत्राला शब्दाची लांबी विचारली. उत्तर आलं, सात.

अक्षरं तर सहाच होती.

"हणमंतराव," ती सावकाश म्हणाली, "हे यंत्र तुम्ही कधी चालवलंय?"

"छे! मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, बाई."

"मग तुमच्या टाइपरायटरवर एवढा एक शब्द काढून द्या."

हणमंतराव खुर्चीत बसले. बोटं सवयीनं पडली. टक, टक, टक. टक, टक. टक.

ठप्प.

अंगठा पट्टीवरच राहिला. त्यांनी तो चटका बसल्यासारखा उचलला.

"हेच ते सातवं," शिवकांता म्हणाली. "कोरी जागा. आपल्याला ती दिसत नाही, पण यंत्र तिला अक्षर धरतं. शेवटचं अक्षर काढायला सांगितलं की त्याच्या हाती बी येत नाही, ही कोरी जागा येते. आणि बी नाही म्हटलं की गावचा आड."

"मग कुणीही दाबली असेल!" हणमंतराव ओरडले.

"मी कॉलेजात थेट अशाच यंत्रावर शिकले, मला ती सवय नाही. साहेब एका बोटानं अक्षर शोधतात, जास्तीचं दाबायला त्यांना उसंत कुठली? आणि मघाशी तुम्ही 'आता तर बी हाय' म्हणालात. दारातून पडदा दिसत नाही. 'आता' आहे, म्हणजे आधी नव्हता. तुम्ही बीच्या जागी दुसरं अक्षर घातलंत आणि वस्तीची खेप गावाकडं वळवली. चिठ्ठ्या नाहीशा केल्यात. बोभाटा झाल्यावर शब्द पुन्हा टाइप करून बी आणलात. लिंबाजी अडकला असता आणि तुम्ही सुटला असता. पण अंगठा सवयीनं पडला."

हणमंतराव टाइपरायटरवर वाकले. "भावाची देवणी जातीची बैलं होती. दोन खाली बसली ती उठलीच न्हाईत. बाकीच्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. मला बघवंना."

"आन माझी नात?" सरजाबाई उठल्या. "तिची जीभ न्हाई दिसली व्हय तुमाला?"

साहेबांनी फोन उचलला. पोलिसांचा नंबर त्यांनी मघापासून काढूनच ठेवला होता.

शिवकांतानं कोरी जागा पुसली. लांबी सहा. प्रिंटर करकरला. "बोरतळी. वस्तीचा हौद." तिनं कागद लिंबाजीला दिला.

सरजाबाईंनी तो मधेच धरला, उलटासुलटा केला आणि परत तिच्यापुढं ठेवला.

"यंत्राचं असू दे, पोरी. तू आपल्या हातानं लिही. आन खाली तुझं नाव घाल. उद्या पानी न्हाई आलं तर मी कुणाला इचारू?"

शिवकांतानं पेन काढलं. वस्तीचा हौद, असं लिहिलं. खाली संपूर्ण नाव लिहिलं.

सरजाबाई घागर घेऊन टँकरमध्ये लिंबाजीच्या शेजारी चढून बसल्या. "आधी दवाखान्यावरून घे रं बाबा," त्या म्हणाल्या. "पोरीचं तोंड बघते, मग हौदावर."