‘उद्ध्वस्त’ म्हणू नकोस

खरं तर ग्यु-हो रोवेनाच्या वाट्याला येणारच नव्हता. त्याच्या नेहमीच्या टीचरला ताप आला, म्हणून ऑफिसने त्याला एका तासापुरतं हिच्याकडे धाडलं. फिलिपिन्समधल्या सेबूच्या त्या इंग्रजी शाळेत एका विद्यार्थ्याला एक टीचर, आणि दोघांना मिळून काचेच्या दाराची इवलीशी खोली. कोरियाहून आलेली मंडळी तिथे काही महिने इंग्रजी घोटायची आणि नोकरीच्या मुलाखतींसाठी परत जायची. ग्यु-होने दार ढकललं, उंचीमुळे कपाळ चौकटीवर आपटलं, ते चोळत तो खुर्चीत बसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "टीचर… मी डिव्हास्टेटेड."

रोवेनाला हसू आवरेना. "एवढंसं टेंगूळ आलं, तर माणूस लगेच उद्ध्वस्त?"

"काल शिकला. शब्द खूप ताकदवाला."

पुढच्या आठवड्यात जुन्या टीचरचा ताप उतरला, पण ग्यु-हो काही तिकडे परत गेला नाही. आणि तो शब्दही त्याला सोडेना. कँटीनमधले आंबे संपले, डिव्हास्टेटेड. फुटबॉलमध्ये कोरिया हरला, डिव्हास्टेटेड. एकदा तर शुक्रवार आला म्हणून.

"शुक्रवारानं काय घोडं मारलं तुझं?"

"शुक्रवारनंतर शनिवार," तो म्हणाला. "शनिवारी… टीचर नाही."

रोवेनाचे कान तापले. ती उगीचच फळा पुसायला लागली. "वाक्य बरोबर आहे. कारण चुकीचं आहे."

"कारणाला पण मार्क असतात?"

असे दिवस मजेत चालले होते. मग एका दुपारी वारा असा सुटला, की काचेची दारं थरथरायला लागली. ग्यु-हो हसत आत आला. "टीचर, वाऱ्याने माझे मोजे डिव्हास्टेट केले! गच्चीवरून गेले!"

ती हसली नाही. तिची नजर खिडकीबाहेर वाकणाऱ्या माडांवर होती.

"तो शब्द मला कुठे भेटला, सांगू?" ती म्हणाली. "आमच्या सामार बेटावर. तेरा वर्षांची होते. वादळात समुद्र घरात शिरला आणि ओसरला तेव्हा मी आणि धाकटा भाऊ, एवढेच उरलो. एक परदेशी बाई आली, माझ्या तोंडासमोर माइक धरला आणि विचारलं, तू डिव्हास्टेटेड आहेस का? मला अर्थ कुठला माहीत… पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी हसून ‘हो’ म्हटलं. आईला अजून पुरलंसुद्धा नव्हतं."

ग्यु-होने हळूच आपला कॉफीचा कप तिच्याकडे सरकवला.

"मोज्यांबद्दल… सॉरी."

त्यावर रोवेना हसली, आणि हसता हसता रडली. इतक्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर कित्येक आठवडे ग्यु-होने तो शब्द उच्चारला नाही.

शाळेचा रिवाज असा, की निघणाऱ्या विद्यार्थ्याने शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर भाषण करायचं. टीचरने आदल्या दिवशी त्याची तयारी करून घ्यायची, आणि भाषणाच्या वेळी पहिल्या रांगेत बसून, अडलाच तर शब्द पुरवायचा. ग्यु-होची पाळी आली. गुरुवारी तो काचेच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. जेवणाचे आभार मानले, मित्रांचे आभार मानले. मग थांबला.

"इथून जाताना… मी डिव्हास्टेटेड आहे."

तो आज हसत नव्हता.

"अर्थ माहीत आहे आता," तो म्हणाला. "रोवेनाने शिकवला."

पहिल्यांदाच त्याने तिचं नाव घेतलं होतं. विद्यार्थ्याशी सूत जुळलेल्या टीचरला तिथे दुसऱ्या दिवशी घरी पाठवत, आणि तिच्या नोकरीवर भावाचं शिक्षण चालू होतं. पण नियम हे निमित्त झालं. खरं म्हणजे तिला भीती वाटली. ज्याच्यावाचून जगता येणार नाही असं काही तिने त्या वादळानंतर जवळ येऊच दिलं नव्हतं.

"शब्द जड होतोय," ती म्हणाली. "लोक हसतील. ‘थोडंसं वाईट वाटतंय’ असं म्हण."

"पण थोडंसं नाही."

"भाषणात तसंच म्हणतात."

"आणि टीचरला… किती वाटतंय?"

"विद्यार्थी येतात, जातात," ती फळ्याकडे वळली. "सवय असते आम्हाला."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. ग्यु-हो त्या वाक्यापाशी आला आणि थांबला. त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली तर तो तोच शब्द बोलेल, हे तिला पक्कं कळत होतं… आणि तिला तेच हवंही होतं. शेजारी बसलेल्या मानांग ग्लेंडाने, शाळेतल्या सगळ्या टीचर्सच्या या थोरल्या ताईने, तिला कोपराने ढोसलं. "अगं, अडलं पोरगं. सांग की."

रोवेनाचे ओठ हलले. थोडंसं.

"थोडंसं… वाईट वाटतंय," ग्यु-हो म्हणाला. एकही चूक झाली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनेही टाळ्या वाजवल्या.

सकाळी विमानतळाची गाडी फाटकाशी आली. सामान चढवून झालं तरी ग्यु-हो तिच्यासमोर उभाच होता. त्याने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"भाषण… बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

तो आणखी थोडा थांबला. दिवसभर दुसऱ्यांना वाक्यं शिकवणाऱ्या बाईला एक वाक्य सुचू नये!

"विमान चुकेल," ती म्हणाली.

त्याने त्यांच्या रीतीने कमरेत खाली वाकून नमस्कार केला. गाडी वळणाआड गेली.

"काय छान तयार केलंस गं त्याला," मानांग ग्लेंडा कौतुकाने म्हणाली, आणि वळून बघते तो रोवेना पायरीवर बसून लहान पोरीसारखी हुंदके देत होती.

"अगं, काय झालं?"

"तो सांगणार होता, मानांग," रोवेना म्हणाली. "मीच सांगू दिलं नाही."