मी विचारलेले प्रश्न

मी मूळची नागपूरची. नोकरीसाठी इंदूरला आले, इथल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. राजेंद्र नगरमधल्या एका लहानशा मराठी वाचनालयात पुस्तकं बदलायला जाते. तेवढ्या ओळखीवर तिथले सचिव श्रीहरीजी यांनी मला भानुमती ताम्हनकरांची मुलाखत घ्यायला सांगितलं.

"आराम से घ्या, संबोधी मॅडम. सगळे आपलेच लोक आहेत."

भानुमतीबाई म्हणजे इथल्या नावाजलेल्या कादंबरीकार. मी त्यांची सगळी पुस्तकं पुन्हा वाचून काढली.

एप्रिलची संध्याकाळ होती. हॉलमधल्या कूलरमधून ओल्या खसाचा वास येत होता. मागच्या टेबलावर पोहे झाकून ठेवलेले. खुर्च्या भरल्या होत्या. दोन्ही माइक मी स्वतः तपासून घेतले, ठीक होते.

भानुमतीबाई काठी टेकत आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. मी काही तुझी परीक्षा घेत नाही."

लिहायला सुरुवात कशी झाली, असं मी विचारलं. त्यांनी मल्हारगंजातलं वडिलांचं कापडाचं दुकान सांगितलं, कापडाच्या ठाणांवर लोळत वाचलेली मासिकं सांगितली. लोक हसले. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग मी विचारलं, "घरात तुम्ही एकुलत्या एक. त्या एकटेपणाचा लेखनावर परिणाम झाला का?"

त्यांनी आजवरच्या प्रत्येक मुलाखतीत हेच सांगितलं होतं. उत्तर मला पाठ होतं.

भानुमतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी हात सोडला नाही. तिचाच सुटला."

मला वाटलं, वय झालंय, ऐकण्यात काही चूक झाली असेल. मी माइक जवळ घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "तुमच्या नायिका हे शहर सोडून कधीच जात नाहीत. असं का?"

"पिवळा," त्या म्हणाल्या. "पिवळा फ्रॉक होता. आईने दिवाळीला शिवला होता."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. लोकांनी भानुमतीबाईंकडे बघायला हवं होतं. ते सगळे माझ्याकडे बघत होते.

 नक्की काय चुकतंय ते कळेना. माझा आवाज स्पीकरमधून मला स्वच्छ ऐकू येत होता, शब्द माझेच होते. मी सगळ्यात साधा प्रश्न निवडला.

"सध्या काय लिहिताय?"

भानुमतीबाईंची काठी खाली पडली. ती उचलायला कोणी आलं नाही.

"दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बाबा मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, इराला, गौतमपुऱ्याला घेऊन गेले," त्या बोलू लागल्या. "हिंगोट बघायला. बारूद भरलेली ती फळं पेटवून दोन्हीकडची माणसं एकमेकांवर फेकतात, माहीतच आहे तुला. एक आमच्या बाजूला आलं. सगळे पळाले. मीपण पळाले. थांबले तेव्हा माझा हात रिकामा होता." त्यांनी तो हात उघडून माझ्यासमोर धरला. "बाबांनी घरी ताकीद दिली, इराचं नाव काढायचं नाही. मग मीच सगळ्यांना सांगत सुटले, मी एकुलती एक."



श्रीहरीजी वाकून माझ्या कानाशी आले.  "मॅडम, बस करा. बूढ़ी औरत आहे. असं कोणी विचारतं का?"

मी माइक बंद केला. "मी त्या काय लिहितायत ते विचारलं, श्रीहरीजी."

ते एक पाऊल मागे सरले.

"काय झालं?" मी म्हणाले.

"आतापण तुम्ही त्यांच्या बहिणीबद्दलच विचारलं," ते म्हणाले.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. 

भानुमतीबाई पुढे वाकल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी, घट्ट. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा सैलावला होता, खूप दिवसांनी झोप लागलेल्या माणसासारखा.

"विचार ना," त्या म्हणाल्या. "अजून विचार. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही."

मी हात सोडवून घेतला. पर्स उचलली, आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेने बाहेर पडले.

रिक्षावाल्याला फोनवर नकाशा दाखवला. तोंडातून शब्द काढला नाही. वाटेत स्वतःला समजावत राहिले. म्हातारी बाई. उकाडा. लोकांच्या मनात आधीच काहीतरी असेल. घर येईपर्यंत मला ते बरंचसं पटलंही होतं.

पुष्करने दार उघडलं. माझा नवरा घरी असला की घर कसं घरासारखं वाटतं. तो सोफ्यावर बसून मोबाइलवर मॅच बघू लागला. मी चप्पल काढली, स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला. गॅसवर पातेलं ठेवलं.

"चहा घेणार?" मी विचारलं.

बाहेर मॅचचा आवाज बंद झाला.

 मग पुष्कर दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.